सायकलीचा सांगाडा आणि तिची चाल : एक साधनचर्चा

१. विषयप्रवेश.— जुन्या वस्तूंचा संग्रह करणाऱ्यांच्या घरीं पोथ्या, सनदा, नाणीं व शस्त्रें यांच्या जोडीस अलीकडे जुन्या सायकलीही येऊन बसल्या आहेत. पुण्यास २०१७ सालीं सायकलींचें एक स्वतंत्र संग्रहालयही उघडलें. हें योग्यच झालें. ज्या वस्तूवर बसून दोन-तीन पिढ्यांचे कारकून, शिक्षक, टपालवाले व गवळी आपापल्या कामास गेले, ती वस्तु इतिहासाचें साधन नव्हे असें कोण म्हणेल ? परंतु पोथी हातीं आल्यावर कागद, शाई, अक्षराचें वळण, समास व शिक्का पाहिल्यावांचून मत न देणारे आमचे संग्राहक मित्र सायकल हातीं येतांच ऐकीव गोष्टींवर भिस्त ठेवितात. “जुनें विलायती पोलाद जिवंत असतें, म्हणून चाल मऊ, अॅल्युमिनियम निर्जीव, म्हणून हाडें दुखतात, कार्बन गचके गिळून टाकतो,” अशीं वाक्यें आम्हीं अनेकांच्या तोंडून ऐकिलीं आहेत. तीं कितपत साधार आहेत, हें पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय. प्रश्न केवळ कुतूहलाचा नाहीं. या समजुतींवर विसंबून जुन्या सायकलींचे भाग बदलले जात आहेत, आणि बदललेला भाग म्हणजे पुसलेलें अक्षर होय.

२. चाल म्हणजे काय ?— घोड्याची चाल म्हटली म्हणजे जशा दुडकी, रवाळ इत्यादि निरनिराळ्या गोष्टी मनांत येतात, तशाच सायकलीच्या चालींतही तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, व त्यांची गल्लत हेंच बहुतेक वादांचें मूळ आहे. पहिली, रस्त्याचे गचके स्वाराच्या अंगापर्यंत किती पोहोंचतात ती. दुसरी, हँडल स्थिर राहतें कीं चंचल असतें ती. तिसरी, पाय जोरानें मारला असतां सायकल पुढें झेपावते कीं आंतल्या आंत लवते ती. या तिहींचीं कारणें एक नाहींत. यास्तव पुढील विवेचनांत त्यांचा विचार वेगवेगळा केला आहे.

३. गचक्यांचा इतिहास.— १२ जून १८१७ रोजीं जर्मनींतील मानहाइम येथें कार्ल फॉन ड्राइस यानें आपलें दुचाकी वाहन प्रथम चालवून दाखविलें. तें लांकडी होतें व त्यास पायटे नव्हते. जमिनीस पाय रेटून तें ढकलावें लागे. पुढें १८६० च्या दशकांत पॅरिस येथें पुढील चाकास पायटे लावलेलीं वाहनें झालीं. त्यांचा सांगाडा लोखंडी, चाकें लांकडी व चाकांवर बैलगाडीसारखी लोखंडी धाव. सीट लांब पोलादी पट्टीवर बसविलेली असे, तरीही इंग्लंडांत लोकांनीं त्या वाहनास ‘हाडें खिळखिळीं करणारें’ असें नांव ठेविलें. येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, लांकूड व लोखंड यांत जमीन-अस्मानाचें अंतर असतांही धाव लोखंडी आहे तोंवर दोन्ही वाहनांचा दगडी रस्त्यावरील अनुभव दुःखाचाच होता.

यावर पहिला उपाय निघाला तो मोठ्या चाकाचा. १८७० च्या सुमारास कॉव्हेंट्री येथें जेम्स स्टार्ले यानें तारांच्या ताणावर उभें राहणारें हलकें चाक प्रचारांत आणिलें, व त्यायोगें पुढील चाक पुरुषाच्या छातीइतकें उंच करतां आलें. मोठ्या चाकानें गचका कां कमी होतो, हें साध्या भूमितीनें सांगतां येतें. खड्ड्याच्या दोन्ही कांठांवर टेकलेलें चाक किती आंत उतरतें, तें खड्ड्याच्या रुंदीच्या वर्गास चाकाच्या त्रिज्येच्या आठपटीनें भागिलें असतां जवळजवळ कळतें. दहा सेंटिमीटर रुंदीच्या चरांत पस्तीस सेंटिमीटर त्रिज्येचें चाक सुमारें साडेतीन मिलिमीटर उतरतें. त्याच्या दुप्पट त्रिज्येचें चाक त्याच्या निम्मेंच उतरतें. लाभ खरा होता, पण किंमत भारी पडे. कारण स्वार आंसाच्या जवळजवळ माथ्यावर बसे, व चाक अडलें कीं तो डोक्यावर पुढें फेंकला जाई.

१८८५ सालीं जॉन केंप स्टार्ले यानें ‘रोव्हर’ सायकल काढिली. बेताचीं चाकें, मागील चाकास सांखळी, व स्वार दोन चाकांच्या मध्यें. आजच्या सायकलीची ही जननी होय. परंतु चाकें लहान होतांच गचके परत आले, कारण टायर भरीव रबराचे होते. म्हणून त्याच साली इंग्लंडांत ‘व्हिपेट’ नांवाची सायकल निघाली. तिच्यांत सीट, हँडल व पायटे हीं तिन्ही एका चौकटीवर ठेवून ती चौकट चाकांच्या चौकटीपासून स्प्रिंगनें वेगळी केली होती. म्हणजे गचक्यावरील औषध सांगाड्यांत शोधण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता.

त्यानंतर तीनच वर्षांनीं बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यानें हवेच्या टायराचें पेटंट घेतलें. हीच कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन यानें १८४५ सालींच नोंदविली होती, पण ती मागें पडली होती. मे १८८९ मध्यें विली ह्यूम यानें बेलफास्टच्या शर्यतींत हवेच्या टायरांवर बाजी मारिली, आणि पुढील थोड्याच वर्षांत स्प्रिंगांचे सांगाडे बाजारांतून नाहींसे झाले. ते वाईट होते म्हणून नव्हे, तर त्यांचें काम हवेनें अल्प वजनांत व अल्प खर्चांत केलें म्हणून. या एका घटनेस आम्ही फार महत्त्व देतों. कारखानदारांनीं व गिऱ्हाइकांनीं पैसे खर्चून दिलेला हा निवाडा आहे, व तो असा कीं, गचक्याचा प्रश्न मुख्यतः जमिनीशीं जेथें गांठ पडते तेथेंच सुटतो.

४. सांगाडा लंबदिशेनें कां लवत नाहीं ?— १८९० च्या सुमारास जो सांगाडा स्थिर झाला, तो दोन त्रिकोणांचा आहे. पुढील त्रिकोणास हँडलजवळ आंखूड चौथी बाजू असते एवढाच फरक. त्रिकोणाचा गुण असा कीं, बाजूंची लांबी बदलल्यावांचून त्याचा आकार बदलत नाहीं. वरून भार आला असतां नळ्या वांकत नाहींत ; त्या लांबीच्या दिशेनें दाबल्या किंवा ताणल्या जातात, आणि त्या दिशेनें बारीकशी नळीही अतिशय कणखर असते. यामुळें असा सांगाडा स्वाराच्या भारानें खालीं दबतो तो मिलिमीटरच्या अल्प अंशानें. उलट टायर कित्येक मिलिमीटर दबतो. एकाखालीं एक ठेविलेल्या स्प्रिंगांत जी मऊ तीच बहुतेक सारी दबते, हा नियम प्रसिद्ध आहे. येथें टायर, सीटच्या स्प्रिंगा व पुढील चिमटा ह्या मऊ स्प्रिंगा, आणि सांगाडा ही सर्वांत कठीण स्प्रिंग. तेव्हां कठीण स्प्रिंग थोडी कमी-अधिक कठीण केल्यानें एकंदर गचक्यांत पडणारा फरक फारच थोडा. आपल्या रस्त्यांवरील काळ्या सायकलीचा टायर सुमारें दीड इंच रुंद असतो. शर्यतीच्या सायकलीचा १९९० च्या सुमारास वीस ते तेवीस मिलिमीटर असे. या दोहोंच्या चालींतील भेदाचें श्रेय पोलादास देणें म्हणजे पत्रावरील मजकुराचें श्रेय लखोट्यास देण्यासारखें आहे. अलीकडे शर्यतीच्या सायकलींचे टायरही अठ्ठावीस मिलिमीटर व त्याहून रुंद होत चालले आहेत, हें या मताचें आणखी एक प्रमाण होय.

५. कोन, वांक व लांबी.— सांगाड्याचा चालीवर परिणाम होतो तो प्रथम त्याच्या मापांनीं. हँडलच्या नळीचा जमिनीशीं होणारा कोन व पुढील चिमट्याचा पुढें आलेला वांक, हीं दोन मापें हँडलचा स्वभाव ठरवितात. हँडलच्या नळीची रेषा खालीं वाढविली असतां ती जमिनीस ज्या ठिकाणीं लागते, तें ठिकाण चाक टेकण्याच्या जागेच्या थोडें पुढें असतें. या दोहोंतील अंतरास आपण ‘मागोवा’ म्हणूं. कारण त्यामुळें चाक हँडलच्या रेषेचा माग घेत मागून येतें व सरळ राहण्याचा यत्न करितें. मागोवा फार कमी झाला तर हँडल चंचल होतें. फार वाढला तर मंद गतींत तें जड होऊन झुकेल त्या बाजूस पडूं पाहतें.

उदाहरणार्थ, जुन्या रोडस्टरचा कोन ६८ अंश, चाकाची त्रिज्या ३५५ मिलिमीटर व चिमट्याचा वांक ७५ मिलिमीटर धरला, तर मागोवा सुमारें ६२ मिलिमीटर येतो. शर्यतीच्या सायकलीचा कोन ७३ अंश, त्रिज्या ३४० व वांक ४५ धरला, तर तो सुमारें ५७ येतो. रूपें इतकीं भिन्न असतां मागोवा जवळजवळ एकच, ही गोष्ट मननीय आहे. कारागिरानें कोन कललेला ठेविला म्हणून वांक वाढविला. एक माप दुसऱ्याचा हिशेब चुकवितें. आतां त्याच रोडस्टरला कोणी शर्यतीचा ४५ मिलिमीटर वांकाचा चिमटा बसविला, तर मागोवा ९५ मिलिमीटरवर जातो, व मूळ चालीचा मागमूस राहत नाहीं. शिवाय लांब वांकाचा बारीक चिमटा खड्ड्यांत किंचित् पुढें लवतो, व हाताचा गचका थोडा हलका करितो. सांगाड्याच्या परिवारांत लंबदिशेनें लवणारा असा हा एकच भाग म्हणावा लागेल.

सीटविषयीं एक प्रचलित समज येथें तपासून पाहूं. रोडस्टरच्या मागील नळ्या लांब असतात, म्हणून स्वार मागील आंसापासून दूर बसतो व त्यास गचका कमी लागतो, असें म्हणतात. तत्त्व बरोबर आहे. दोन चाकांच्या मध्याकडे जावें तितका एका चाकाचा गचका कमी पोहोंचतो. परंतु रोडस्टरच्या सीटची नळीही तितकीच मागें कललेली असते, त्यामुळें लांब नळ्यांनीं दिलेलें सुख कललेली नळी बरेंचसें परत घेते. दोन्ही जातींत सीटचें आंसापासूनचें आडवें अंतर बहुधा सारखेंच भरतें. त्यांतच रोडस्टरवर स्वार ताठ बसतो, म्हणून जवळजवळ सर्व भार सीटवर येतो. तेव्हां त्या सीटखालीं दोन जाड गुंडाळलेल्या स्प्रिंगा आढळतात, त्या शोभेसाठीं नव्हेत. कारागीर आपल्या सांगाड्याची उणीव ओळखून होता. लांब सांगाड्याचा खरा लाभ निराळा आहे : चाकांमधील अंतर जास्त असलें कीं एक चाक उचललें गेलें असतां सायकलीचा झोल कमी होतो, आणि वळणांत ती संथ राहते.

६. धातूचा प्रश्न.— आतां धातूकडे वळूं. ताणास न जुमानण्याच्या गुणांत अॅल्युमिनियम पोलादाच्या सुमारें एकतृतीयांश व टायटॅनियम सुमारें निम्मा आहे. वजनांतही अॅल्युमिनियम पोलादाच्या सुमारें एकतृतीयांश व टायटॅनियम निम्म्याहून थोडा अधिक आहे. म्हणजे वजनाच्या मानानें तिन्ही धातु जवळजवळ सारख्या योग्यतेच्या आहेत. मग भेद येतो कोठून ? तो नळीच्या जाडीरुंदीपासून येतो. पातळ भिंतीच्या नळीचा ताठपणा भिंतीच्या जाडीच्या प्रमाणांत वाढतो, पण व्यासाच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो. भिंत निम्मी करून व्यास दुप्पट केला, तर वजन तेंच राहून ताठपणा चौपट होतो.

याचें उत्कृष्ट उदाहरण अॅल्युमिनियमचेंच आहे. फ्रान्समध्यें १९७० च्या दशकाच्या अखेरीस ‘व्हितुस’ चे जे अॅल्युमिनियमचे सांगाडे निघाले, त्यांच्या नळ्या पोलादी नळ्यांइतक्याच बारीक होत्या. ते सांगाडे लवचिक म्हणून प्रसिद्ध झाले, व आयर्लंडचा शॉन केली यानें त्यांवर बसून मोठमोठ्या शर्यती जिंकिल्या. त्याच सुमारास अमेरिकेंत गॅरी क्लाइन यानें व १९८३ पासून कॅननडेल कारखान्यानें जाड व्यासाच्या नळ्या वापरल्या. ते सांगाडे कडक म्हणून प्रसिद्ध झाले. धातु एकच, कीर्ति मात्र परस्परविरुद्ध. तेव्हां “अॅल्युमिनियम कडक” हें विधान धातूचें वर्णन नसून एका काळच्या नळ्यांचें वर्णन आहे. कार्बनची गोष्ट तर याहून स्पष्ट आहे. १९८६ सालीं ग्रेग लेमाँड यानें कार्बनच्या सांगाड्यावर फ्रान्सची परिक्रमा जिंकिली, तेव्हांपासून त्याचा बोलबाला झाला. परंतु कार्बनचे तंतू ज्या दिशेनें व जितके थर घालावे, त्या दिशेनें तितका ताठपणा येतो. त्यास एक असा स्वभाव नाहीं. घडविणाऱ्याचा हेतु हाच त्याचा स्वभाव.

पोलादाविषयीं सर्वांत मोठा गैरसमज आहे. भारी पोलाद अधिक ताठ असतें असें मानितात. वस्तुतः हलक्या व भारी पोलादाचा ताठपणा जवळजवळ एकच असतो. वाढतें तें बळ, म्हणजे मोडण्यापूर्वी भार सोसण्याची शक्ति. बळ वाढलें कीं भिंत पातळ करतां येते, आणि पातळ भिंतीची नळी अधिक लवते. म्हणजे भारी सांगाडा हलक्याहून ताठ नव्हे, तर लवचिकच होण्याचा संभव. अशा पातळ नळ्या सांध्याजवळ पितळ वितळवून जोडतांना उष्णतेनें दुबळ्या होत. यावर बर्मिंगहॅमच्या रेनल्ड्स घराण्यांतील आल्फ्रेड रेनल्ड्स यानें १८९७ सालीं टोंकांस जाड व मध्यें पातळ अशा नळीचें पेटंट घेतलें. १९३५ सालीं त्याच कारखान्याची ५३१ क्रमांकाची मँगेनीज-मॉलिब्डेनम पोलादाची नळी निघाली, व ती पुढें अर्धें शतक नांवाजली गेली. या नळीचा गुण खरा आहे, पण तो वजनांत व पायाच्या जोरास मिळणाऱ्या उत्तरांत आहे. कारण पाय मारतांना सांगाडा बाजूस व पिळून खरोखर लवतो, आणि तेथें नळीचा व्यास व जाडी स्वारास जाणवते. चालीच्या तीन अंगांपैकीं तिसरें अंग सांगाड्याचें. पहिलें बहुतांशीं टायराचें.

७. साक्ष आणि पुरावा.— “पण आम्हांस फरक जाणवतो त्याचें काय ?” असें कोणी विचारील. १९९६ सालीं एका अमेरिकन सायकल-मासिकानें आंतोनिओ मोंदोनिको या इटालियन कारागिराकडून सात सांगाडे करविले. मापें एक, रंग एक ; नळ्या मात्र सात निरनिराळ्या प्रतींच्या पोलादाच्या. कोणती कोणती हें ठाऊक नसतां स्वारी केल्यावर परीक्षकांस त्या प्रती खात्रीनें वेगळ्या ओळखतां आल्या नाहींत. स्वाराची जाणीव खोटी असते असा याचा अर्थ नव्हे. ती बखरीसारखी असते : तींत घडलेल्या गोष्टीचा अंश असतो, पण कारण, काल व कर्ता यांची सरमिसळ झालेली असते. बखर फेंकून द्यावयाची नसते ; अस्सल कागदाशीं ताडून पाहावयाची असते.

ही चूक आमच्या हातूनही झाली आहे, तिची कबुली येथें देणें उचित होईल. कांहीं वर्षांपूर्वी एका स्नेह्यांनीं आणिलेली जुनी विलायती रोडस्टर आम्हीं चालवून पाहिली. हँडल जड लागलें व वळतांना तें एका बाजूस पडूं लागलें. सायकल हलक्या पोलादाची असल्यानें असें होतें, असें मत आम्हीं देऊन टाकिलें, व त्यावरून त्यांनीं ती मोडींत काढण्याचें ठरविलें. सुदैवानें त्याआधीं ती उलटी करून पाहण्याचा योग आला. चिमट्याचा वांक मागें दबलेला होता, आणि हँडलच्या नळीजवळ खालच्या नळीच्या पोटाशीं रंगाखालीं एक बारीक सुरकुती होती. ती कधींकाळीं कशावर तरी समोरून आदळली होती. आमचें मत पोलादावर नव्हतें, एका जुन्या अपघातावर होतें. मापें घेतलीं असतीं तर तें पहिल्याच दिवशीं कळलें असतें.

८. संग्राहकांस सूचना.— यावरून पुढील नियम सुचवावेसे वाटतात.

(अ) सायकल हातीं येतांच, धुण्या-रंगविण्यापूर्वी, चाकांमधील अंतर, दोन्ही नळ्यांचे कोन, चिमट्याचा वांक व टायराची रुंदी लिहून ठेवावी. ओळंबा, पट्टी व शाळेंतील कोनमापक एवढीं साधनें पुरेशीं आहेत.

(आ) नळीवर चिकटविलेल्या नांवावर विश्वासूं नये. तें नवें छापून मिळतें. बनावट शिक्क्याप्रमाणेंच त्याची परीक्षा करावी. सीटचा दांडा काढून त्याचा व्यास मोजावा. सीटच्या नळीचा बाह्य व्यास बहुधा २८·६ मिलिमीटर असतो. दांडा २७·२ मिलिमीटरचा असेल तर नळी पातळ व उंची प्रतीची असण्याचा संभव आहे. २५·४ चा असेल तर भिंत जाड, साध्या प्रतीची समजावी.

(इ) चिमट्याच्या मुळाशीं व खालच्या नळीच्या पोटाशीं सुरकुत्या व रंगाच्या भेगा पाहाव्या. ठोकून सरळ केलेला चिमटा हा प्रक्षिप्त पाठ होय.

(ई) मूळ रुंदीचे टायर मिळत नाहींत म्हणून अरुंद बसवूं नयेत, निदान तसें केल्याची नोंद ठेवावी. तसेंच सीट बदलूं नये. अरुंद टायर व नवी सीट लावून “जुन्या सायकली अशा कठोर असत” असें सांगणें म्हणजे समास कापून पोथी बांधणें व मग तिला समास नव्हता असें म्हणणें.

(उ) काढलेला भाग फेंकूं नये. चिठ्ठी बांधून सायकलीजवळच ठेवावा.

९. उपसंहार.— सारांश, चालीचा ग्रंथ टायर, मापें व नळ्या यांनीं मिळून लिहिलेला असतो, आणि धातूचें नांव हें त्याच्या पुठ्ठ्यावरील अक्षर आहे. लांब, कललेला, वांकड्या चिमट्याचा जुना सांगाडा पाहिला म्हणजे तो कोणत्या रस्त्यासाठीं, कोणत्या ओझ्यासाठीं व कशा स्वारासाठीं केला होता, तें त्याच्याच मापांतून वाचतां येतें. ही लिपि अजून शाबूत आहे, तोंवर ती वाचून घेतली पाहिजे. आमच्या वाचनांत कोणास प्रमाद आढळल्यास त्यांनीं तो मापांसह दाखवावा. आम्ही तो आनंदानें दुरुस्त करूं.